मापातले पाप आणि मापावरचा शिक्का

वाण्याच्या दुकानात आपण एक किलो साखर मागतो. दुकानदार ती काट्यावर ठेवतो, आकडा दिसतो, आपण पैसे मोजतो आणि पिशवी घेऊन बाहेर पडतो. ह्या सगळ्या व्यवहारात ‘किलो म्हणजे नेमके किती?’ ही शंका कोणाच्याही मनाला शिवत नाही. पुण्याचा किलो आणि जळगावचा किलो वेगळा असेल, असे तर स्वप्नातही येत नाही. ही निःशंकता आपल्याला जन्मजात मिळालेली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांत सरकारने केलेल्या एका सुधारणेची ती देणगी आहे. सुधारणा पूर्णपणे अंगवळणी पडली म्हणजे ती सुधारणा होती हेच लोक विसरतात, आणि विसरले म्हणजे तिची राखण करायचेही राहून जाते. म्हणून तिची आठवण येथे करावी असे आम्हांस वाटते.

पूर्वीची स्थिती कशी होती? मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून अधिक. प्रांताप्रांतांत फरक असणे एक वेळ समजू शकते. पण एकाच जिल्ह्यात? शेतीविषयक शाही आयोगाच्या १९२८ सालच्या अहवालात पूर्व खानदेशाचे उदाहरण दिले आहे. तेथील १९ बाजारांत मणाची १३ निरनिराळी वजने आढळली; कोठे मण साडेएकवीस शेरांचा, तर कोठे ८० शेरांचा. एका पेठेतला भाव ऐकून दुसऱ्या पेठेत गाडी न्यावी की नाही, हे अशा स्थितीत शेतकऱ्याने कसे ठरवावे? भाव त्याला कळत असे, पण तो कशाचा भाव हे कळत नसे.

धान्य तर वजनाने नव्हे, मापाने मोजले जाई. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी ती चढती भांडी. शेतकऱ्याकडून घेताना माप शिगेने भरून घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला देताना वरून हात फिरवून सपाट करून द्यायचे, एवढ्यानेच नफा होत असे. तागडीचे दोषही आपल्या भाषेला चांगले ठाऊक आहेत. दोन पारडी समतोल करण्यासाठी बांधायचा तो पासंग. पण तोच पासंग हवा तसा बांधला की लबाडीचे साधन होई. ‘काटा मारणे’ हा वाक्प्रचार आणि ‘मापात पाप करू नये’ ही शिकवण उगाच जन्माला आलेली नाही. ह्या पापाचा भार सर्वांवर सारखा पडत नव्हता. वर्षाचे धान्य एकदम भरणाऱ्या घरात माणसे मोजून घेत. रोजच्या मजुरीतून नवटाक तेल आणि छटाक चहा नेणाऱ्याला मात्र दररोज थोडेथोडे गमवावे लागे.

कायदे पूर्वीही झाले नव्हते असे नाही. १८७१ सालीच हिंदुस्थान सरकारने कायदा करून शेर हा किलोग्रॅमइतका धरावा असे ठरविले होते. तो कायदा अंमलात आलाच नाही. मुंबई प्रांताने १९३२ साली स्वतःचा कायदा केला. १९३९ च्या मध्यवर्ती कायद्याने शेर ८० तोळ्यांचा आणि मण ४० शेरांचा ठरविला. परंतु तो राबविण्याचे काम प्रांतांवर होते आणि बहुतेक ठिकाणी जुनेच चालू राहिले. ह्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. माप राजपत्रात छापल्याने बदलत नाही. दुकानात नवे वजन पोहोचावे लागते, जुने उचलावे लागते, आणि मध्ये लोकांना समजावून सांगायला अवधी द्यावा लागतो.

हे तिन्ही प्रथम झाले ते १९५५ नंतर. आधी नाणे बदलले. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा आणि एकशे ब्याण्णव पैंचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. वजनांचा कायदा १९५६ च्या अखेरीस संमत झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत आणि धंद्यांत किलोग्रॅम आला, काही काळ जुनी व नवी वजने शेजारी शेजारी चालू दिली, आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर व्यापारात मेट्रिक वजनेच वापरण्याची सक्ती झाली. मुंबई राज्याने १९५८ साली अंमलबजावणीचा स्वतंत्र कायदा केला. वजने तपासून त्यांवर शिक्का मारणारा निरीक्षक गावोगावच्या बाजारात दिसू लागला.

ही वाट सरळ नव्हती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा द्यायचा कोणी? अधिकृत कोष्टकात एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२ आणि तीन आण्यांचे १९ नवे पैसे धरले होते. पण आण्याच्या वस्तूला सात नवे पैसे मागण्याचा मोह दुकानदाराला होणारच. वजनातही तसेच. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलो शेराहून सुमारे सात टक्क्यांनी मोठा. समजा, एखादी वस्तू चौदा आणे शेर होती. चौदा आणे म्हणजे ८७½ नवे पैसे. ह्या हिशेबाने किलोचा रास्त भाव सुमारे ९४ नवे पैसे. दुकानदाराने ‘रुपया किलो’ म्हटले, तर सहा पैसे हळूच वाढले आणि गिऱ्हाइकाला वाटायचे की माप मोठे झाले म्हणून भाव वाढला. बदलाच्या काळात हिशेब न येणाऱ्याचे नुकसान होते, हे अशा उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

तरीही लाभाचे पारडे जड ठरले. व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर प्रामाणिक माणसाची अडचण दूर झाली. शेजारचा हलक्या वजनाने स्वस्त विकतो म्हणून आपणही वजन हलके करावे, हा दबाव कमी झाला. नाशिकचा कांदा आणि सोलापूरची ज्वारी ह्यांचे भाव दूरच्या शहरातही एकाच मापात कळू लागले. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर विश्वासाची जागाच बदलली. पूर्वी भरवसा दुकानदाराच्या स्वभावावर ठेवावा लागे. तो आता वजनावरच्या शिक्क्यावर ठेवता येऊ लागला. ओळखीच्या दुकानात न जाताही फसवणूक होणार नाही, ही शहरात नव्याने आलेल्या माणसाला फार मोठी सोय होती.

पुढच्या कायद्यांचा पायाही हाच. सर्वत्र एकच ग्रॅम असल्यामुळेच बंद पाकिटावर निव्वळ वजन छापण्याची सक्ती करता आली. १९७६ च्या कायद्यानंतर १९७७ साली पाकीटबंद मालाचे नियम झाले. १९९० पासून सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे आवश्यक ठरले. १९७४ साली बिंदुमाधव जोशी ह्यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. मापांचा १९७६ चा कायदा जाऊन २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा आला. छापलेले वजन हातात असले तरच तक्रारीला आधार मिळतो.

मात्र सुधारणा सर्वत्र सारखी पोहोचली नाही. कापसाचा भाव आजही खंडीत सांगतात. ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे २८ पौंडांचे २८ मुंबई मण, सुमारे ३५६ किलो. सराफी पेढीत तोळा हा शब्द टिकून आहे. पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि बोलण्यातला आजचा तोळा १० ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या ‘पाच तोळ्यांच्या’ होत्या असे घरात सांगतात तेव्हा कोणता तोळा, हे विचारल्याखेरीज हिशेब लागत नाही.

शिवाय लबाडीला नवे कपडे मिळाले आहेत. काटा आता मारावा लागत नाही. पाकिटाची किंमत तीच ठेवून आतले वजन थोडे कमी करता येते. वजन खरे छापलेले असते, म्हणून त्यात मापाचा गुन्हा होत नाही. पण वाचणारा नसला तर खिशाला चाट तीच बसते. पूर्वी अनेक वस्तूंची पाकिटे ठरावीक वजनांचीच असावीत असे बंधन होते. २०२१ सालच्या दुरुस्तीने ते काढून त्याऐवजी ग्रॅममागे किंवा किलोमागे पडणारा भाव छापण्याची योजना आली. म्हणजे तुलना करण्याचे काम कायद्याने आपल्या डोळ्यांवर सोपविले आहे.

म्हणून एवढेच सांगावेसे वाटते. माल ठेवण्यापूर्वी काट्यावर शून्य आहे का ते पाहावे. पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात लावलेले असते. त्यावरची तारीख वाचावी. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापाने मोजून मागावे. असे विचारणे म्हणजे दुकानदारावर अविश्वास दाखविणे नव्हे. सचोटीच्या दुकानदाराला त्याचा राग येण्याचे कारण नाही. १८७१ चा कायदा कागदावर राहिला, कारण त्याच्या मागे ना निरीक्षक उभा राहिला ना गिऱ्हाईक. १९५६ चा टिकला, कारण दोघेही उभे राहिले. निरीक्षक वर्षातून एखाददा येतो. गिऱ्हाईक रोज येते. मापातले पाप थांबवायचे, तर रोज येणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवले पाहिजेत.