‘टेम्पररी आता परमनंट!’ कोर्टाच्या निकालाचा मेसेज खरा की खोटा, कसं ओळखायचं?

चाकण किंवा भोसरीतल्या कामगारांच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘कोर्टाचा निकाल लागला, सगळे टेम्पररी आता परमनंट!’ फॉरवर्ड करण्याआधी त्यात निकालाचा संदर्भ, म्हणजेच सायटेशन आहे का ते पाहा.

सुप्रीम कोर्ट: ‘एमएसआरटीसी वि. कास्ट्राइब राज्य परिवहन कर्मचारी संघटना, (२००९) ८ एससीसी ५५६’. यात क्रमाने पक्षकार, वर्ष, खंड, ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ हा निकालसंग्रह आणि पान क्रमांक येतो.

मुंबई हायकोर्ट: अलीकडच्या निकालांवर ‘२०२४:बीएचसी-एएस:’ आणि पुढे क्रमांक असतो. ‘एएस’ म्हणजे अपील शाखा. ई-कोर्ट्सच्या पोर्टलवर हा क्रमांक टाकून निकाल मोफत वाचता येतो.

कायदा: कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा १९७१ चा, पण त्याचा क्रमांक ‘१९७२ चा महाराष्ट्र अधिनियम १’. दोन वर्षं दिसली म्हणून चूक समजू नका. नुसतं कायद्याचं नावही पुरत नाही. वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवण्याबद्दलची तरतूद अनुसूची ४, बाब ६ मध्ये आहे.

सायटेशन खरं निघालं तरी निकाल वाचाच. वरच्या निकालात या बाबीखाली परमनंट करण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार मान्य झाला. पण पदच नसेल तर तसा आदेश देता येत नाही, असंही त्यातच म्हटलं आहे. म्हणजे ‘सगळे परमनंट’ असं तो निकाल म्हणत नाही.