तीन वॅटच्या उजेडाचा हिशेब

टायरला डायनॅमो टेकवला की सायकल जड होते, हे काळ्या रोडस्टरवरून रात्री घरी परतलेल्या प्रत्येकाच्या मांड्यांना ठाऊक आहे. बाटलीच्या आकाराचा हा डायनॅमो सहा व्होल्टवर तीन वॅट वीज देतो, पण पायांकडून घेतो साधारण दहा वॅट. थोडी शक्ती तांब्याच्या वेटोळ्यात आणि लोखंडी गाभ्यात उष्णता होऊन जाते. बरीचशी टायरचं रबर दाबत रोलर फिरवण्यातच खर्ची पडते. पावसात रोलर घसरतो, म्हणजे उजेड सर्वांत जास्त हवा तेव्हाच दिवा मिणमिणतो.

इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३०च्या दशकातच डायनॅमो चाकाच्या हबमध्ये बसवून रबराचं हे घासणं टाळलं होतं. आजचे चांगले हब-डायनॅमो साठ टक्क्यांच्या वर कार्यक्षम असतात. म्हणजे तीन वॅटसाठी पाच वॅट. आरामात सायकल चालवणारा माणूस शंभरेक वॅट लावतो. त्यातले पाच जाणवतही नाहीत.

मला या यंत्राचा सर्वांत आवडणारा गुण निराळाच आहे. उतारावर चाक भन्नाट फिरतं, व्होल्टेज वाढतं, मग बल्ब उडत का नाही? चुंबक जितक्या वेगाने फिरतं, तितक्या झपाट्याने विजेची दिशा उलटसुलट होते आणि वेटोळ्याचा तिला होणारा विरोधही वाढत जातो. त्यामुळे प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपासच थांबतो. कुठलंही नियंत्रक सर्किट नाही, तरी लगाम आपोआप! मात्र मागचा बल्ब गेला की त्याच्या वाट्याचा प्रवाह पुढच्यात शिरतो आणि तोही जातो.

एलईडीने तर सगळं गणितच पालटलं. जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवायचा. त्याच तीन वॅटमध्ये एलईडी कैकपट उजेड देतो.

मोबाइल चार्ज करणं मात्र अवघड. फोनला एकाच दिशेने वाहणारी वीज लागते, आणि ती तशी करताना वाटेतल्या दोन साध्या डायोडांमध्येच सुमारे १.४ व्होल्ट खर्च होतात. उरलेल्या दोन-अडीच वॅटवर पंधरा वॅट-तासांची बॅटरी भरायला सात-आठ तास पॅडल मारावं लागतं. शिवाय सिग्नलला थांबलात की वीज बंद, आणि काही फोन पुन्हा चार्जिंग सुरूच करत नाहीत. म्हणून लांबच्या सफरीत दिवसा पॉवर बँक भरावी, रात्री तिच्यावर फोन लावावा आणि डायनॅमो दिव्यासाठी मोकळा ठेवावा.