बुरशीच्या फळीतली बिऱ्हाडं

कोकणात फणसाच्या खोडावर फळीसारखा वाढणारा फणसांबा जुन्या माणसांना औषध म्हणून ठाऊक आहे. अशाच कठीण बुरशी युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बीच-बर्चच्या जंगलांत जुन्या खोडांवर दिसतात. तिथल्या अभ्यासकांनी या फळ्या फोडून आतले जीव बारकाईनं पाहिले आहेत. त्यांनी जे पाहिलं, त्यापुढे आपल्या अनेक समजुती टिकत नाहीत.

गैरसमज : बुरशी चार दिवसांची. तिच्यात कोण राहणार?

वस्तुस्थिती : पावसाळी भूछत्रं लवकर विरतात, हे खरं. पण ‘फोमेस फोमेन्टेरियस’ ही बुरशी अनेक वर्षं जगते आणि तिच्या खालच्या बाजूला नळ्यांचे नवनवे थर चढत जातात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला एक शिंगवाला भुंगेरा अशाच फळ्यांवर सारं आयुष्य काढतो. मादी एकेक अंडं फळीवर घालून ते काळपट आवरणानं झाकते. अळी आत शिरून पोखरत वाढते आणि तिथेच कोषात जाते. नर शिंगांनी झुंजतात. सस्तन प्राण्याचा श्वास जवळ जाणवला, की हा भुंगेरा उग्र रसायनानं स्वतःचा बचाव करतो.

गैरसमज : कीटक बुरशीचा नायनाट करतात.

वस्तुस्थिती : फळी हा बुरशीचा केवळ बीजाणू सोडणारा अवयव. तिचं मुख्य शरीर तंतूंच्या रूपानं लाकडात पसरलेलं असतं आणि फळी पोखरली गेली तरी ते जगतं. ‘गॅनोडर्मा ॲप्लॅनेटम’ची एक मोठी फळी दिवसाला सुमारे ३,००० कोटी बीजाणू सोडते, असा अंदाज आहे. शिवाय कित्येक कीटक फळी मरू लागल्यावर किंवा मेल्यावरच मुक्कामाला येतात.

गैरसमज : कीटकांना कुठलीही बुरशी चालते.

वस्तुस्थिती : सिइडी कुळातल्या इवल्याशा भुंगेऱ्यांच्या जगभरात ६५०हून अधिक जाती आहेत. बहुतेकांची लांबी जेमतेम एक ते तीन मिलिमीटर. तरीही त्यांच्यातल्या अनेकांची आवड पक्की असते. काही जाती ‘ट्रॅमेटिस’सारख्या पातळ फळ्या निवडतात, तर काही जाडजूड ‘गॅनोडर्मा’. आपली बुरशी ते वासावरून ओळखतात. युरोपातली एक माशी तर ‘गॅनोडर्मा ॲप्लॅनेटम’च्या खालच्या बाजूला स्तनाग्रांसारख्या गाठी निर्माण करते. तिच्या अळ्या त्या गाठींतच वाढतात.

गैरसमज : आतले सगळेच जीव बुरशी कुरतडतात.

वस्तुस्थिती : फळीत एक पूर्ण अन्नसाखळी असते. चपटे ढेकूण डोक्यात गुंडाळून ठेवलेल्या लांब सोंडेनं बुरशीच्या तंतूंतला रस शोषतात. काही चिलटांच्या अळ्या फळीखाली जाळं विणून पडणारे बीजाणू टिपतात. सूक्ष्म माइट आणि स्प्रिंगटेल फटींत चरतात. त्यांच्यावर छद्मविंचू टपलेले असतात, आणि परजीवी गांधीलमाश्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांचा माग काढतात.

गैरसमज : कुजकं लाकूड आणि बुरशी हटवली, की जंगल निरोगी होतं.

वस्तुस्थिती : काही बुरशी जिवंत झाडांनाही मारतात. नारळाच्या बागेत गॅनोडर्मामुळे होणारा रोग रोखायलाच हवा. पण जंगलातल्या बहुतेक फळ्या मेलेल्या किंवा थकलेल्या झाडांचं लाकूड मोडून त्यातली पोषकद्रव्यं मातीत परत आणतात. फिनलंडच्या जंगलांत राहणाऱ्या जातींपैकी सुमारे २० ते २५ टक्के, म्हणजे ४,००० ते ५,००० जाती, अशा मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत. लाकूड उचललं, की आधी बुरशी जाते आणि तिच्यामागोमाग फक्त तिच्यावरच जगणारे कीटक. यांतले काही फार दूर जात नाहीत. त्यांना पुढचं कुजकं खोड जवळपासच लागतं.

म्हणून रानात वाटेआड पडलेलं खोड तिथेच राहू द्यावं. त्यावरची फळी वाळलेली, भोकं पडलेली दिसली तरी तोडू नये. भोकं पडली आहेत, याचाच अर्थ आत वस्ती आहे.