विश्लेषण : टेलिकन्व्हर्टरने लेन्सची पोहोच वाढते, पण मोल काय?

भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी टिपताना ३०० मिमीची लेन्स अनेकदा अपुरी पडते. बोट फार जवळ नेली, तर थवा उडतो. मोठी लेन्स प्रत्येकाला परवडत नाही. अशा वेळी टेलिकन्व्हर्टरचा पर्याय समोर येतो.

तो काम कसा करतो?

कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारा हा भिंगांचा संच प्रतिमेचा मधला भाग मोठा करून सेन्सरवर पाडतो. १.४ पटीच्या कन्व्हर्टरने ३०० मिमीची लेन्स ४२० मिमी होते, दुपटीच्या कन्व्हर्टरने ६०० मिमी.

तोटा कोणता?

प्रकाश घटतो. पहिल्यात तो निम्मा, दुसऱ्यात पाव उरतो. एफ/४ ची लेन्स अनुक्रमे एफ/५.६ आणि एफ/८ होते. म्हणजे दुपटीच्या कन्व्हर्टरवर १/१००० सेकंदाचा शटरवेग १/२५० वर येतो आणि उडता पक्षी धूसर होतो. वेग राखायचा तर आयएसओ चौपट करावा लागतो. ऑटोफोकस मंदावतो, लेन्सचे दोषही मोठे दिसतात.

मग घ्यावा का?

पहाटेच्या मंद उजेडात १.४ पटीचाच बरा. दुपटीचा भरपूर उन्हात आणि उत्तम लेन्सवर. खरेदीपूर्वी तो आपल्याच लेन्सवर लावून पाहावा. कन्व्हर्टरविना काढून क्रॉप केलेला फोटो तितकाच स्पष्ट दिसला, तर पैसे वाचले.