चित्राखालचे नाव : सामान्यनाम की विशेषनाम?

श्रमजीवी माणसांच्या व्यक्तिचित्रांचे जुने छायाचित्रग्रंथ आज संग्राहकांच्या दृष्टीने मोलाचे ठरले आहेत. त्यांचा विचार बहुधा छायाचित्रणकलेच्या अंगाने होतो. चित्राखाली छापलेल्या दोन-चार शब्दांकडे क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः चित्रातील माणूस वाचकापुढे कोण म्हणून उभा राहावा, हे पुष्कळ अंशी ते शब्दच ठरवितात.

मुंबईतील छायाचित्रकार विल्यम जॉन्सन याने तेथील विविध जातिजमातींच्या चित्रांचा ग्रंथ दोन खंडांत, १८६३ व १८६६ साली, प्रसिद्ध केला. दुसरा खंड महाराष्ट्राविषयी आहे. त्यातील माणसांची चित्रे एकीकडे घेऊन ती निराळ्या दृश्यांच्या पार्श्वभूमीवर जोडलेली आहेत, आणि शीर्षके जातींची आहेत. माणूस एकदा त्याच्या स्थळापासून तुटला, आणि पुन्हा एकदा त्याच्या नावापासून.

बिरसीच्या परिसरास अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींविषयी लिहिलेला, १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध झालेला कोश. बिरसी ज्या गोंदिया जिल्ह्यात आहे तो १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता, आणि भंडारा त्या काळी मध्यप्रांतात मोडत असे. हा काही व्यक्तिचित्रांचा संग्रह नव्हे. तथापि त्यात बांबूच्या गाड्या घेऊन बाजारास आलेले गोंड, ढीवराची झोपडी, कुंभार व त्याचे चाक अशी छायाचित्रे आहेत. शीर्षकांत व्यक्तीचे नाव नाही. बिरसीतील एखाद्या कुटुंबास आपला पूर्वज त्यांत शोधावयाचा झाल्यास हाती काहीच लागत नाही. वर्ग सापडतो, आजोबा सापडत नाहीत.

येथे व्याकरणाचा प्रश्न उपस्थित होतो. विशेषनाम एका व्यक्तीचा निर्देश करते. सामान्यनाम वर्गाचा बोध करून देते. चेहरा मात्र नेहमी एकाच व्यक्तीचा असतो. त्याखाली केवळ सामान्यनाम आले की तो चेहरा वर्गाचा नमुना बनतो. मराठीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. 'कुंभार' हा शब्द व्यवसाय, जात आणि आडनाव या तिन्ही अर्थी येतो. तो कोणत्या अर्थी आला आहे हे शेजारचे शब्द ठरवितात. शिवाय इंग्रजी शीर्षकातील सर्वनामास आदर-अनादराचा भेद ठाऊक नाही. मराठीत ते शीर्षक उतरविताना 'त्याचे चाक' की 'त्यांचे चाक', हा निर्णय टाळता येत नाही. वर 'त्याचे' हे रूप योजिले आहे. ते वाचकास सहज वाटले असेल, तर त्या सहजतेचाही विचार व्हावयास हवा.

व्यवसायनाम स्वभावतः अवमानकारक असते असे मात्र नव्हे. जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडर याच्या १९२९ सालच्या ग्रंथात साठ व्यक्तिचित्रे आहेत. मिठाईवाला, विटा वाहणारा मजूर अशी व्यवसायवाचक शीर्षके त्यांत आढळतात. परंतु तेथे उच्चपदस्थांनाही हाच नियम लागू आहे. नाझी राजवटीने १९३६ साली या ग्रंथाच्या उरलेल्या प्रती जप्त केल्या व मुद्रणाचे ठसे नष्ट केले. त्यामुळे मूळ आवृत्ती दुर्मिळ झाली. म्हणजे दोष सामान्यनामाचा नसून त्याच्या विषम वाटपाचा आहे : काहींना नाव आणि काहींना केवळ वर्ग.

२०१४ साली सुरू झालेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संग्रहाच्या 'फेसेस' उपक्रमात चेहऱ्यासोबत नाव, व्यवसाय आणि गाव यांची नोंद केली जाते. तेथे व्यवसाय राहतोच, पण तो नावाचे विशेषण होऊन राहतो. बोलींच्या क्षेत्रीय अभ्यासकांनाही हाच धडा लागू आहे. ज्याच्या तोंडून शब्द मिळाले तो केवळ 'निवेदक, वय साठ, शेतमजूर' नव्हे. त्याची संमती असल्यास नाव लिहावे, आणि ते त्यास विचारून, तो सांगेल तसेच लिहावे. १९१६ च्या चित्रांतील नावे आता परत मिळणार नाहीत. उद्या बिरसीत घेतल्या जाणाऱ्या चित्राखालची ओळ अद्याप कोरी आहे.