खाली एवढं थंड पाणी, तरी बोटीचं इंजिन गरम का होतं?

बाइकच्या हँडलवर फोन लावून भर उन्हात मॅप चालू ठेवला, तर थोड्या वेळाने काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग थांबतं, फोन अडखळायला लागतो. तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो. आजकालची बोटीची इंजिनंही असंच करतात. तापमान हद्दीबाहेर गेलं की बीप वाजतो आणि इंजिन आपली ताकद स्वतःच कमी करतं. फरक एवढाच की फोन बंद पडला तर आपण रस्त्याच्या कडेला असतो, आणि बोट बंद पडली तर धरणाच्या मधोमध.

सुट्टीत भंडारदऱ्याला जाऊन आलेल्या एका मित्राने मला विचारलं, "चारही बाजूंनी गार पाणी असताना इंजिन गरम होतंच कसं?" प्रश्न भारी आहे, कारण उत्तर त्या पाण्यातच आहे.

भंडारदरा म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात प्रवरेवर बांधलेलं विल्सन धरण. १९२६ साली पूर्ण झालेलं, सुमारे ८२ मीटर उंच, आणि मागे पसरलेला आर्थर लेक. वेकबोर्ड, म्हणजे बोटीमागे दोरी धरून फळीवर उभं राहून लाटांवर उड्या मारायचा खेळ, आपल्याकडे अजून रील्समध्येच जास्त दिसतो. पण स्पीडबोट असो, बंपर राइड ओढणारी बोट असो की लाखोंची वेकबोर्ड बोट, इंजिन गार ठेवायची मूळ पद्धत एकच आहे.

पेट्रोल जाळून मिळालेल्या ऊर्जेतला साधारण पाव ते एकतृतीयांश भागच बोट पुढे ढकलायला कामी येतो. बाकीची उष्णता. बाइकला पुढून वारा लागतो, कारला रेडिएटर आणि पंखा असतो. बोटीचं इंजिन मात्र झाकणाखाली बंद पेटीत बसलेलं, तिथे वारा कुठला? म्हणून ते खालचं पाणी ओढतं, अंगातून फिरवतं आणि बाहेर टाकतं. काही इंजिनांत धरणाचं पाणी थेट फिरतं. काहींत आत कारसारखं कूलंट असतं आणि धरणाचं पाणी फक्त त्या कूलंटला गार करतं. मागे लटकवलेलं इंजिन, ज्याला बोटवाले ओबीएम म्हणतात, ते बहुतेक पहिल्या प्रकारातलं.

ज्यांच्या घरी विहिरीवर मोटर आहे त्यांना पुढचं सगळं लगेच कळेल. फूटव्हॉल्व्हच्या जाळीला शेवाळ अडकलं की मोटर फिरते पण पाणी येत नाही. पाइपला कुठे बारीक चीर असेल तर पंप हवा धरतो. बोटीचं दुखणं दहातल्या बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी असतं, आणि लोक मात्र आधी इंजिन खोलायला निघतात.

बीप वाजला. आता?

आधी ॲक्सिलरेटर सोडायचा, बोट न्यूट्रलला आणायची आणि मागे वळून बघायचं: इंजिनातून पाणी बाहेर पडतंय का? ओबीएमच्या बाजूला एक बारीक पिचकारी सतत उडत असते. ती त्या इंजिनाची नाडी समजा. आत बसवलेल्या इंजिनाचं पाणी मागच्या एक्झॉस्टमधून धुरासोबत पडतं.

पाणी नीट पडत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका. मिनिटभर न्यूट्रलवर चालू द्या, काटा उतरतो का बघा. पाणी पडतच नसेल, किंवा नुसती वाफ येत असेल, तर मात्र ताबडतोब बंद. कारण हेच पाणी एक्झॉस्टचा रबरी पाइपही गार ठेवतं. ते थांबलं की तो पाइप भाजतो, आणि झाकणाखाली धूर कोंडतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इंजिन बंद केल्यावर लगेच नांगर टाका आणि सगळ्यांची लाइफ जॅकेट नीट बांधलेली आहेत का बघा. हे मी उगाच मध्ये घुसवत नाहीये. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण गेले. त्याच आठवड्यात अकोले तालुक्यातच, सुगावजवळ प्रवरेत, बुडालेल्यांना शोधायला गेलेली एसडीआरएफची बोट उलटली आणि पथकातले तीन जवान गेले. या दोन्ही ठिकाणी इंजिन गरम झाल्याचा संबंध नव्हता. पण इंजिन बंद पडलेली बोट वाऱ्याला आडवी होते, आणि आडव्या बोटीला लाट जास्त लागते. पोहणारे जवानही जिथे वाचले नाहीत, तिथे "मला पोहता येतं" या वाक्याला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

दुखणं शोधायचं कसं

पहिला संशय जाळीवर. इंजिन पूर्ण बंद करून, किल्ली काढून, ओबीएम वर उचला आणि खालची पाणी घ्यायची जाळी बघा. जलपर्णीची मुळं, शेवाळ, आणि आपल्या कृपेने चिप्सची पाकिटं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाजवळ बोट चिखल ओढते, तो वेगळाच. आत बसवलेल्या इंजिनाला अनेकदा पाइपवर पारदर्शक डब्यातली गाळणी असते. ती उघडण्याआधी बोटीच्या तळाचा पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, नाहीतर धरण थेट बोटीत येईल. आणि इंजिन परत चालू करण्याआधी तो आठवणीने उघडायचा.

जाळी साफ आहे तरी पिचकारी मरगळलेली? मग इम्पेलर. पंपातलं हे रबराचं छोटं चक्र असतं, फुलासारख्या पाकळ्यांचं. पाणीच त्याचं वंगण. ट्रेलरवर बोट ठेवून "जरा चालू करून बघू" म्हणत कोरडं इंजिन फिरवलं, की काही सेकंदांत या पाकळ्या झिजायला लागतात. महिनोन् महिने बोट उभी राहिली तरी रबर वाकलेल्या आकारातच कडक होतं. म्हणून इम्पेलर दरवर्षी काढून बघावा. एखादी पाकळी तुटलेली दिसली तर नवा बसवून मोकळं होऊ नका. तो तुकडा पुढे पाइपात किंवा कूलरच्या तोंडाशी जाऊन बसलेला असतो. तो सापडेपर्यंत नवा इम्पेलर बसवूनही इंजिन गरमच होणार, आणि मेकॅनिक विनाकारण शिव्या खाणार.

मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते काटा *कधी* चढतो हे बघणं. पळवताना चढतो आणि हळू केलं की उतरतो, याचा अर्थ पाणी येतंय पण पुरेसं नाही: अर्धवट तुंबलेली जाळी, झिजलेला इम्पेलर किंवा कुठेतरी हवा धरतेय. उभ्या बोटीतही चढतच राहतो, तर पंप मेला किंवा पट्टा तुटला. इंजिन तापलंय पण थर्मोस्टॅटच्या पुढचा पाइप गारच आहे, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये. तो काढून गरम पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटरसोबत टाकला की खरं-खोटं कळतं. त्यावर लिहिलेल्या तापमानाला तो उघडायला हवा. आणि काटा एका झटक्यात टोकाला गेला पण पाणी छान पडतंय, तर बहुधा सेन्सर नाहीतर वायर. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर मात्र थांबा. पाणी इंजिनात शिरलंय, हे घरचं काम नाही.

कूलंटचं झाकण गरम असताना उघडू नका, हे कारवाल्यांना माहीत असतं. भंडारदऱ्यात एक गंमत जास्त. जागा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणून तिथे साधं पाणी १०० ऐवजी साधारण ९७-९८ अंशांनाच उकळतं. कूलंट दाबाखाली असल्यामुळे त्याहून गरम असूनही शांत दिसतं. झाकण फिरवलं, दाब गेला, की एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

वेकबोर्ड बोटींना हा त्रास थोडा जास्त. मोठी लाट उठावी म्हणून त्यांच्यात मुद्दाम शेकडो किलो पाणी भरतात, आणि वेग मात्र साधारण ३० ते ३७ किलोमीटर. म्हणजे भरलेली उसाची ट्रॉली चढावर ओढणाऱ्या ट्रॅक्टरसारखं, वेग कमी आणि जोर सगळा. पंपात थोडी जरी कसर असली तरी ती इथे आधी उघडी पडते.

फोन कुठे कामी येतो

फोनवर तापमान मोजायची ॲप्स असतात, पण ती बहुतेक फोनच्या बॅटरीचंच तापमान दाखवतात. इंजिनासाठी स्वस्तातली इन्फ्रारेड गन घ्या. चकचकीत धातूवर तीही कमी आकडा दाखवते, म्हणून काळी टेप चिकटवून त्यावर रोखा.

फोनचा खरा उपयोग वेगळा. बोट चांगली चालू असताना पिचकारीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे बिघडल्यावर तुलना करता येते. पट्टा आणि पाइप काढण्याआधी फोटो. मेकॅनिकला पाठवताना काट्याचा फोटो, पिचकारीचा व्हिडिओ आणि "पळवताना चढतो की उभ्यानेही" एवढं एक वाक्य लिहा. "बोट गरम होते, काय करू?" एवढ्याच मेसेजवर तो बिचारा काय सांगणार?