'डिडक्टिबल' : एक संज्ञा, दोन व्यवहार

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• 'डिडक्टिबल' या संज्ञेचे करव्यवहारातील व विमाव्यवहारातील अर्थ वेगळे करता येतील.
• 'वजावट', 'कपात' व 'सूट' या मराठी शब्दांतील भेद सांगता येईल.
• पारिभाषिक शब्दाचा अर्थ संदर्भक्षेत्रावर कसा अवलंबून असतो, हे उदाहरणासह स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक

दोन प्रसंग कल्पू या. साताऱ्यातील एक नोकरदार आरोग्य विम्याचा २०,००० रुपयांचा हप्ता भरतो आणि 'ही रक्कम डिडक्टिबल आहे' हे ऐकून समाधान पावतो. सांगलीतील एका मोटारमालकाची गाडी पुराच्या पाण्यात बिघडते. विमापत्रात 'डिडक्टिबल' हा शब्द वाचून, तेवढी रक्कम आपल्याला जादा मिळणार, असे त्याला वाटते. हाती पैसे येतात ते मात्र तेवढेच कमी! २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर ज्यांनी अनुभवला, त्यांना अशा वेळी एकेका शब्दाचे मोल किती असते, हे सांगावयास नको. एकच संज्ञा एका कागदावर लाभ दर्शविते आणि दुसऱ्या कागदावर भार. असे का होते, ते पाहू.

विषय-विवेचन

(अ) करव्यवहारातील अर्थ

करक्षेत्रात हा शब्द विशेषण आहे. जो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो, तो 'वजावटयोग्य' खर्च. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत आरोग्य विम्याचा हप्ता ठरावीक मर्यादेत असा वजा होतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. ७,००,००० रुपयांच्या करपात्र उत्पन्नातून २०,००० रुपये वजा झाले, तर ६,८०,००० रुपये उरतात. या टप्प्यावरील दर २० टक्के असल्याने करात बचत होते ती ४,००० रुपयांची व त्यावरील उपकराची. २०,००० रुपयांची नव्हे.

(आ) विमाव्यवहारातील अर्थ

विमाक्षेत्रात हाच शब्द नाम बनतो. नुकसानीपैकी जी रक्कम विमाधारकाने स्वतः सोसावयाची असते, ती 'डिडक्टिबल'. खासगी मोटारीच्या विम्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीस १,००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनाच्या गाडीस २,००० रुपये आणि दुचाकीस १०० रुपये अशी अनिवार्य रक्कम रूढ आहे. ती प्रत्येक दाव्यात वजा होते. म्हणजे लहान मोटारीची मंजूर भरपाई ४०,००० रुपये असेल, तर हाती ३९,००० रुपये येतील. याखेरीज विमाधारक स्वेच्छेने अधिक भार पत्करू शकतो. त्याबदल्यात हप्ता कमी होतो. किरकोळ दाव्यांचा व्याप टळावा आणि विमाधारकाने काळजी घ्यावी, हा या तरतुदीमागील हेतू आहे.

आरोग्य विम्याच्या 'टॉप-अप' पत्रात ही रक्कम बरीच मोठी असते. ती ३ लाख रुपये असून रुग्णालयाचे ग्राह्य बिल ५ लाख रुपये झाले, तर त्या विमापत्रातून २ लाख रुपयेच मिळू शकतात. पहिल्या ३ लाखांची सोय अन्य विम्याने अथवा स्वतः करावी लागते.

(इ) मराठी पर्यायांचा विचार

'वजा' हा शब्द अरबी 'वझ्अ' या शब्दावरून फारसीमार्गे मराठीत आला. 'ठेवणे, मांडणे' हा त्याचा मूळ अर्थ. 'उणे करणे' आणि 'रीत, धाटणी' हे त्याचे पुढील अर्थ. त्यामुळेच 'खर्च वजा जाता' आणि 'झोपडीवजा घर' या दोन्ही प्रयोगांत तो आढळतो. येथेही अर्थ ठरवितो तो संदर्भच.

करविषयक मराठीत तीन शब्दांची विभागणी उपयुक्त आहे. उत्पन्नातून खर्च उणा करणे ही 'वजावट'. पगार वा व्याज देतानाच कर कापून घेणे ही 'कपात'. म्हणून आपण 'उगमस्थानी करकपात' म्हणतो. एखादे उत्पन्न करातून मुळातच वगळणे ही 'सूट'. इंग्रजीत पहिल्या दोहोंसाठी एकाच क्रियापदाची रूपे वापरली जातात. मराठी मात्र भेद राखते. सांगलीच्या बाजारात हळदीच्या हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई वजा झालेली पाहणाऱ्या शेतकऱ्याला हा व्यवहार नवा नाही.

अडचण येते ती विमापत्राच्या अनुवादात. तेथे 'वजावटयोग्य रक्कम' असे लिहिले, तर करातील सवलतीचा भास होतो. शिवाय नामाच्या जागी विशेषणाचा अर्थ येतो. 'विमाधारकाने प्रथम सोसावयाची रक्कम' हा पर्याय लांब आहे, पण भार कोणाचा, हे तो स्पष्ट सांगतो. कराराच्या भाषेत आटोपशीरपणापेक्षा निःसंदिग्धता अधिक मोलाची.

सारांश

'डिडक्टिबल' हा शब्द भेटताच तीन प्रश्न विचारावेत : काय वजा होणार? कशातून वजा होणार? त्यामुळे लाभ कोणाचा? करात खर्च उत्पन्नातून वजा होतो आणि करदात्याचा भार हलका होतो. विम्यात ठरावीक रक्कम भरपाईतून वजा होते आणि तो भार विमाधारकावर राहतो. वजाबाकी तीच, बाजू मात्र बदलते.

स्वाध्याय

१. 'वजावट', 'कपात' व 'सूट' यांतील भेद प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करून दाखवा.
२. 'वजावटयोग्य रक्कम' हा पर्याय विमापत्रात दिशाभूल करणारा का ठरतो?
३. आपल्या घरातील एखादे विमापत्र पाहून त्यातील पाच पारिभाषिक संज्ञांचे अर्थ सुबोध मराठीत लिहा.